मोळीचा रकाना

९ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर कान्हेरे बाईंचा पुण्याहून फोन आला आणि त्यांनी मला वीस मिनिटं झापलं. झापतानाही त्या 'सुरेखाताई' म्हणतात, त्यामुळे उलट बोलायची सोय राहत नाही. घरात कुणाला सांगावं तर आमचे हे म्हणजे रामहरी, ऐकून घेतील आणि म्हणतील, "म्या म्हनलंच हुतं." म्हणून लसीकरणाची जुनी वही मागच्या बाजूने उघडली आहे. इथे मला कुणी झापणार नाही.

झालं असं. मी नेकनूरच्या अलीकडच्या आमच्या गावाची आशा. तेरा वर्षं झाली. त्याआधी नऊ हंगाम ऊस तोडला. डॉक्टर बाई पुण्याच्या एका संशोधन संस्थेत आहेत आणि बाळंतिणीच्या वारेवर त्यांचा अभ्यास चालला आहे. बाई मोकळी झाली की तासाभरात वार ताब्यात घ्यायची. बाळाकडच्या बाजूने, नाळेपासून दोन बोटं सोडून, हरभऱ्याएवढे चार तुकडे कापायचे, रक्त धुवायचं, तुकडे नळीत आणि नळी बर्फाच्या डब्यात. सोबत बाईचा अर्ज भरायचा. फेब्रुवारी ते जून मी शंभरावर बायकांचे नमुने दिले. त्यातल्या सेहेचाळीस जणी पोटुशी असताना ऊसतोडीला जाऊन आलेल्या.

अर्जात सत्तावीस प्रश्न. मिश्री लावता का? उपास धरता का? लोहाच्या गोळ्या खाल्ल्या का? घरात चूल की गॅस? सगळं बाईने काय केलं त्याचं. तिच्या डोक्यावर कुणी काय ठेवलं, ते कुठेच नाही. दुसऱ्याच बाईपाशी माझं डोकं फिरलं. मी पट्टी घेतली आणि समासात दोन रकाने आखले. पहिला: दिवसाला मोळ्या किती वाहिल्या, कितव्या महिन्यापर्यंत. दुसरा: पोट असताना उसाला कुणाच्या सांगण्यावरून गेलात. सेहेचाळीस अर्जांवर आखले आणि सेहेचाळीसही भरले.

ते आता पुण्यात सापडले. "सुरेखाताई, अर्जात आपल्या मनाने भर घातली तर अख्खा अर्ज बाद होऊ शकतो, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मी जागीच होते, ऐकलं होतं.

उद्या बीडला बोलावलं आहे. माफी मागणार नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

माफी मागितली. रकान्यांची नाही, न विचारता आखल्याची.

डॉक्टर बाई आज रागात नव्हत्या, दमलेल्या होत्या. त्यांच्या संस्थेत एक समिती आहे, माणसांवरच्या अभ्यासात कुणावर अन्याय होऊ नये म्हणून नेमलेली. समितीचं म्हणणं, बायकांनी सत्तावीस प्रश्नांना संमती दिली होती, एकोणतिसांना नाही. तेव्हा ऊसवाल्या सगळ्या अर्जांत ढवळाढवळ झाली, ते बाजूला ठेवा, आणि त्यांच्या वारेचे नमुनेही बाजूला ठेवा. उरलेल्या बायकांवरच अभ्यास छापा.

म्हणजे ज्यांच्या डोक्यावर मोळी होती त्यांच्यावर अन्याय नको म्हणून त्यांनाच वगळा. मी हे तोंडावर बोलले. डॉक्टर बाई हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवला.

मग त्यांनी वाट सांगितली. प्रत्येक बाईकडे पुन्हा जायचं. नवा संमतीचा कागद समजावून सही किंवा अंगठा घ्यायचा. दोन्ही प्रश्न पुन्हा विचारायचे, उत्तर तेच असेल तर ठीक, वेगळं असेल तर दुरुस्ती करायची. किमान चाळीस जणी पाहिजेत, त्याखाली आकड्यांना अर्थ उरत नाही. शुक्रवार, सत्तावीस तारखेपर्यंत. मी म्हटलं, दसरा चोवीसला आहे, दसऱ्यानंतर टोळ्या उचलतात, मग या बाया कोल्हापुरापासून कर्नाटकापर्यंत पांगतात. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. म्हणूनच आज बोलावलं."

निघताना मी विचारलं, वारेत तुम्हाला दिसतंय तरी काय? त्यांनी पुन्हा नीट सांगितलं, आणि या खेपेला मला ते कळलं. वारेच्या एकेका पेशीत जनुकांची पोथी असते. अक्षरं आईबापाकडून येतात, ती बदलत नाहीत. पण त्या अक्षरांवर बारीक रासायनिक खुणा बसतात. जिथे खुणा दाटतात तिथलं पान सहसा दुमडल्यासारखं होतं, शरीर ते वाचत नाही. त्याला मेथिलेशन म्हणतात. आता आईचं शरीर शिणलं, घाबरलं की तिच्या रक्तात एक द्रव्य वाढतं. ते बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून वारेत एक जनुक राखण करतं, द्रव्य वाटेतच मोडायला लावतं. ऊसवाल्या बायकांच्या वारेत त्या राखणीच्या पानावर खुणा जास्त दिसतायत. "दिसतायत. सिद्ध झालेलं नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या.

आणि मोळ्यांचा रकाना नसेल तर या जास्तीच्या खुणा कशाच्या नावावर जातील? मिश्रीच्या. उपासाच्या. चुलीच्या. म्हणजे बाईच्याच.

चाळीस आणते म्हणून सांगून आले.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवसांत नऊ झाल्या. पाय सुजलेत.

वाटलं होतं बाया कुरकुर करतील, पण दार उघडून आत घेतात. त्याला कारण आहे, आणि ते डॉक्टर बाईंना माहीत नाही. तुकडे कापून झाले की उरलेली वार दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत जाळायला द्यायची, असा नियम. पण आमच्याकडे वार गाडग्यात घालून, हळद-मीठ टाकून घराच्या परसात पुरतात. दुसरीकडे गेली तर बाळाचं चित्त घरात लागत नाही म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही. मी मागेल तिला वार परत दिली, गाडगंसुद्धा काही वेळा माझंच. म्हणून आता मी आले की पाणी मिळतं.

आज कडूबाईकडे गेले. तिची सून मुक्ताबाई, सातवा महिना संपेपर्यंत तोडीला होती. मुक्ताने मोळ्यांचा आकडा तोच सांगितला, दिवसाला साठच्या पुढे. तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, असं साठ वेळा. दुसरा प्रश्न विचारला आणि मुक्ता सासूकडे बघायला लागली. एप्रिलमध्ये तिने "घरच्यांच्या" असं सांगितलं होतं.

कडूबाई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "घरचे म्हंजी कोन? नाव घे की. म्याच धाडलं तिला. लिव्हा बाई, कडूबाईनं धाडलं."

मी म्हटलं, "मावशी, पोट असताना कशाला धाडलं?"

"कोयता जोडीचा लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ही न्हाई म्हनली आसती तर मुकादमानं ल्योकाला बी घेतलं नसतं. तवा मला काय कळत न्हवतं आसं न्हाई. कळत हुतं." टरफलं बाजूला सारून तिने अंगठा पुढे केला, साक्षीदाराच्या जागेवर.

मी तिला दोन शब्द सुनावले, आशा म्हणून सुनवावेच लागतात. पण मनातून मला ती आवडली. सासूने असं कबूल करायला छाती लागते. रस्त्यात चार घरी मी तिचं उदाहरण दिलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

घट बसले. तेरा झाल्या.

देवापुढून उठते तोच बजरंग मुकादम दारात. त्याच्या टोळीतल्या अकरा बाया माझ्या यादीत आहेत. खुर्ची दिली, चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "सुरेखाताई, हे काय लावलंय तुमी? बायांला इच्यारत फिरताव, कुनी धाडलं, किती उचललं. उद्या पेपरात छापून आलं की मुकादमानं बाया मारल्या, मंग?"

"मारल्या म्हणून कोण म्हणतंय? तू किती उचलायला लावलंस तेवढंच लिहिणार."

"मी कुनाच्या डोस्क्यावर ठेवलं न्हाई. ज्याचा त्यो येतो."

"मग भितोस कशाला?"

त्याने आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे वातीला तेल घालण्यात गुंतले. बजरंगने सांगितलं, माझ्या टोळीतली एकबी बाई आता सही करणार न्हाई, केली तर यंदा तिचा कोयता घेणार न्हाई. मी सांगितलं, मी अकराच्या अकरा आणणार आणि तुझ्यासमोर आणणार. आवाज चढला माझा. घटापुढे चढायला नको होता, पण चढला.

उठता उठता म्हणाला, "मागल्या साली सूनबाईला तुमीच फोन करून माझ्या टोळीत घातलं की ताई. तवा न्हाई मोळ्या मोजल्या."

या मुकादम लोकांना कुठे काय बोलावं त्याचं भानच नसतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

एकवीस.

आज एका बाईने मला अडवलं. पोरगी कडेवर, सहा महिन्यांची, बारीकच आहे. विचारलं, "ताई, त्या खुना माझ्या लेकराच्या अंगात ऱ्हातेत का? पुसत्यात का?" तिच्यासमोरच डॉक्टर बाईंना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. त्या म्हणाल्या, हे आम्ही वारेत बघितलंय, बाळाच्या शरीरात नाही. वारेचं काम बाळंतपणाबरोबर संपतं. बाळाच्या खुणा वेगळ्या, त्या वयाबरोबर बदलूही शकतात. पुढे काय होतं हे आज मला माहीत नाही, माहीत नसताना घाबरवणार नाही. बाळाला दूध पाजा, वजन करत राहा.

बाई म्हणाली, "म्हंजी माझं लेकरू खराब न्हाई."

"कुणाचंच लेकरू खराब नसतं," डॉक्टर बाई म्हणाल्या. मला त्यांचा तेव्हा फार जिव्हाळा वाटला.

त्यांनी अजून एक गंमत सांगितली. काही जनुकांची आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक, पण दोन्ही चालत नाहीत. वारेत काही ठिकाणी बापाची प्रत चालते आणि आईची खुणा लावून गप्प बसवलेली असते. मी म्हटलं, तिथेही तेच का? तर म्हणाल्या, काही ठिकाणी उलटंही असतं, आईची चालते आणि बापाची गप्प. हे मी ह्यांना जेवताना सांगितलं. ह्यांनी अजून एक भाकरी मागितली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सव्वीस. केजकडच्या तीन वाड्या करून आले. एसटी चुकली म्हणून जीपमध्ये चौदा जणांत बसून.

यादीत आमची आरोही पण आहे. सत्यमची बायको, बारावी झालेली. मागच्या हंगामात पाचव्या महिन्यापासून सत्यमबरोबर तोडीला होती, मार्चमध्ये आली, एप्रिलला बाळंत झाली. नात झाली. एक किलो नऊशे भरली, तेरा दिवस काचेच्या पेटीत होती. आता चांगली आहे, हाक मारली की मान वळवते. तिच्या वारेचे तुकडे मीच कापले आणि अर्जही मीच भरला, आरोही दमून झोपली होती म्हणून. तिची सही घरातली आहे, कधीही होईल. आधी लांबच्या उरकते.

सत्यम यंदा अर्धा कोयता म्हणून एकटा जातोय. आरोही जाणार नाही असं तिने परवा सगळ्यांसमोर सांगितलं. मी तरी कुठे पाठवणार होते?

आरोही हल्ली माझ्याशी कमी बोलते. बाळंतपणानंतर होतं असं काही जणींना, प्रशिक्षणात सांगतात.

२२ ऑक्टोबर, रविवार

अष्टमी. उपास. एकतीस.

दोघींनी सही द्यायला नकार दिला. त्यांतल्या एकीचा नवराच दार लावून उभा राहिला. दोघी आधीच कर्नाटकात गेल्या, फोन लागत नाही. एकीचं लेकरू गेल्या महिन्यात गेलं. तिच्याकडे अर्ज काढलाच नाही. बसले, आणि उठून आले. म्हणजे सेहेचाळीसातल्या पाच गेल्या. एकेचाळीस उरतात, आणि लागतात चाळीस. राहिलेल्या दहांत नऊ बजरंगच्या टोळीतल्या, एक घरची. त्याच्या अकरांतली मुक्ता आधीच झालेली, आणि एक त्या नकारवाल्यांतली.

रागाने जेवण गेलं नाही. उपास होता ते बरं झालं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. सगळं आजच लिहून ठेवते.

दसऱ्याला आमच्याकडे कोयत्याची पूजा असते. बजरंगच्या टोळीचे सगळे कोयते धुऊन, धार लावून मारुतीच्या पारापाशी एका ओळीत मांडतात, हळदकुंकू वाहतात, मग गाडी भरायला लागतात. म्हणजे टोळीतल्या सगळ्या बाया एका वेळी एका जागी. हे मला रविवारी सुचलं नाही याचाच राग आला. अर्ज, शाई, पॅड पिशवीत घातलं आणि दहा वाजता पारावर हजर.

बजरंग नारळ घेऊन उभा होता. मला बघून म्हणाला, "ताई, आज सनाचं तरी..."

मी म्हटलं, "पूजेलाच आलेय. नऊ हंगाम कोयता धरलाय मी, कुंकू लावायचा मला हक्क आहे." आणि ओळीने सगळ्या कोयत्यांना कुंकू लावलं. पुरुष बघत राहिले. बाया गालात हसत होत्या. शेवटचा कोयता झाला तशी मी पाराच्या कडेला बसले, पॅड उघडलं आणि काही बोलले नाही. बोलायचं काय? सगळ्यांना माहीत होतं.

बाया नवऱ्यांकडे बघायला लागल्या. मग मुक्ताबाई उठली. तिची सही बाराच तारखेला झालेली. ती बजरंगसमोर जाऊन म्हणाली, "मुकादम, माझी सही कवाच झाली. साठ मोळ्या लिवल्यात. माझा कोयता घेनार का न्हाई ते आत्ताच सांगा, म्हंजी सामान उतरवते."

बजरंग म्हणाला, "मुक्ते, तू गप बस."

"गपच हुते की. वर्सभर."

बजरंग गाडीकडे बघायला लागला. कारखान्याने टोळीची तारीख दिलेली, ट्रक उभा, आणि दसऱ्याच्या दिवशी नवा कोयता आणणार कुठून? त्याने नारळ फोडला. फोडताना जरा जोरातच फोडला.

मग एक आली, मग दोघी. नवऱ्यांपैकी एकजण "चल बे, गाडीत बस," म्हणून दुसऱ्याला ओढून घेऊन गेला, बघायला नको म्हणून. दुसऱ्या प्रश्नाला पाच जणींनी "मुकादम" सांगितलं, बजरंगच्या तोंडावर. एकीने "नवरा". एकीने विचार करून "पोट" सांगितलं, तिथे मी विचारलं, पोट म्हणजे भूक का बाळ? ती म्हणाली, "भूक. बाळानं कशाला सांगितलं आसतं?"

सात झाल्या. अडतीस. उरलेल्या दोघी गडावर दर्शनाला जाऊन उद्या निघणार आहेत.

ट्रक गेला. सत्यमही त्यातच. जाताना पाया पडला. आरोही पोरीला घेऊन ट्रकपाशी गेली, मी पारावरून बघितलं. ती सत्यमशी बोलली, मुक्ताशी बोलली. माझ्या अंगावरून घरी गेली.

२५ ऑक्टोबर, बुधवार

एकादशी. नारायणगडावर ही गर्दी. दोघींपैकी एक पायऱ्यांवर सापडली, सही झाली, वर प्रसादाचा राजगिरा दिला. दुसरी सकाळीच निघून गेलेली, तिच्या भावाने फोन जोडून दिला पण ती म्हणाली, "मला न्हाई यात पडायचं." ठीक आहे. नाही म्हणायचा तिला हक्क आहे. तो कागदावरच लिहिलाय.

एकोणचाळीस. घरची एक धरून चाळीस.

आमचे हे म्हणाले, "आजच घे की तिची."

मी म्हटलं, दमलेय.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी आरोही अंगणात पोरीला तेल लावत होती. मी अर्ज घेऊन गेले. म्हटलं, "एवढी एक सही कर बाई, झालं आपलं काम."

तिने हात पुसले, पोरीला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि अर्ज वाचायला लागली. बाकीच्या बाया ऐकून घेतात, ही वाचते. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. मोळ्या, पन्नास ते पंचावन्न, आठवा लागेपर्यंत. मान हलवली. मग दुसऱ्या रकान्यापाशी थांबली. तिथे माझ्या अक्षरात होतं: स्वतःच्या मर्जीने.

"हे कुनी लिवलं?"

"मीच. तू झोपली होतीस."

"आत्याबाई, पोरगी पेटीत हुती. म्या झोपंन का? डोळं मिटून पडलेवते. तुमी इच्यारलंच न्हाई."

मी म्हटलं, बरं, आता विचारते.

"आता काय इच्यारता? तुमाला म्हाईत न्हाई? म्या म्हनलं हुतं का न्हाई, माझं पोट दुखतंय, मला न्हाई जायचं? तुमी चुलीपाशी हुता. काय म्हनलं तुमी?"

हे मला आठवत नाही असं मी म्हणणार होते. पण आठवत होतं. मी म्हटलं होतं, सत्यमच्या वेळी नववा लागेपर्यंत मी मोळ्या वाहिल्या, काय धाड भरली मला? तुमच्या पिढीला काम टाळायला दुखण्याचं निमित्त बरं सापडतं. आणि बजरंगला फोन मीच लावला होता, तिच्यासमोर.

"गावभर कडूबाईचं नाव सांगत फिरताव, बाई सच्ची हाय म्हनून. शेजारच्या म्हातारीनं मला सांगितलं. म्या वाट बगत हुते. म्हनलं, आज इच्यारतेल, उद्या इच्यारतेल. सगळ्या तालुक्याला इच्यारून झालं, घरात इच्यारलं न्हाई."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मला तरी कुणी विचारलं होतं का? माझ्या सासूने धाडलं, मी गेले. सत्यमच्या आधीचं एक पडलं माझं, फडात, पाचटावर. ते कुणाच्या अर्जात लिहिलंय?"

हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. ह्यांनाही नाही, हे तेव्हा पलीकडच्या सरीत होते आणि तोड चालू होती.

आरोहीचे डोळे भरले, पण ती नरमली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच मला ती मुलगी आज पहिल्यांदा आपली वाटली. म्हणाली, "तुमचं वंगाळ झालं. लई वंगाळ झालं. पर म्हनून माझं उत्तर बदलत न्हाई." आणि हात पुढे केला, "पेन द्या. म्या लिवते."

माझ्या ओळीखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सासूच्या सांगण्यावरून. मी नाही म्हणत होते. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. पानावर तेलाचा डाग पडला तो पदराने टिपला.

"घ्या. चाळीस झालं तुमचं. फाडायचा आसंल तर फाडा, म्या कुनाला सांगनार न्हाई."

दिवसभर अर्ज पिशवीत आहे. एकदा काढून बघितला. परत ठेवला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिल्या एसटीने बीडला. पिशवी मांडीवर धरून बसले. मनात खोटं कशाला ठेवू, मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा तो एक अर्ज काढून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता. बीडच्या स्टँडवर उतरताना परत आत घातला. मोळ्यांचा रकाना मी आखला. तो माझ्या दारापुढून वळसा घालून जाणार असेल तर बजरंग खरा आणि मी खोटी. हे मला मान्य नाही.

डॉक्टर बाईंनी चाळीस अर्ज एकेक करून बघितले. कडूबाईच्या अंगठ्यापाशी थांबल्या, "पोट, म्हणजे भूक" पाशी थांबल्या. शेवटचा हातात घेऊन त्यांनी नाव वाचलं, मग उत्तर वाचलं, मग चष्मा काढला.

"सुरेखाताई, ही तुमची सून ना?"

"हो."

"नातेवाईक आहे म्हणून हा बाजूला ठेवता येईल. नियमात बसतं. मी समितीला एकोणचाळीसवर विनंती करून बघते."

त्या मनापासून म्हणत होत्या. मला दार उघडून देत होत्या. मी म्हटलं, "बघते म्हणजे होईलच असं नाही ना?"

"नाही."

"मग आत ठेवा. नातं आहे तेही खाली लिहा. आणि एकोणचाळीसवर चालत असतं तरी आतच ठेवा म्हणाले असते."

त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. उत्तर बदललं की दुरुस्तीची एक रीत असते. जुनं उत्तर गिरगटायचं नाही, पांढरं लावायचं नाही. खालचं वाचता येईल अशी एकच सरळ रेघ मारायची. शेजारी ज्याने जुनं लिहिलं त्याची सही, तारीख, आणि बदलाचं कारण. मी 'स्वतःच्या मर्जीने' यावर पट्टीने रेघ मारली. कारणाच्या जागेत लिहिलं: पहिलं उत्तर खोटं होतं.

डॉक्टर बाई हळू म्हणाल्या, "'नोंदीत चूक' एवढं लिहिलं तरी चालतं, ताई. सगळे तेच लिहितात."

मी म्हटलं, "चूक नव्हती," आणि खाली सही केली.